बोक्याचं वजन उतरतं आणि पुन्हा चढतं: गळती नेमकी कुठे शोधायची

बंड्या आमचा देशी बोका, पांढरा-पिवळा, आता आठ वर्षांचा. नाशिकरोडला दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये राहतो, बाहेर जात नाही. पाचव्या वर्षी त्याचं वजन ६.३ किलो भरलं. त्यानंतरच्या दोन वर्षांत आम्ही ते तीनदा खाली आणलं आणि तिन्ही वेळा ते परत आलं. पहिल्यांदा ५.७ पर्यंत उतरून ६.२, मग ५.६ वरून ६.१, शेवटी ५.५ वरून पुन्हा थेट ६.३. दर वेळी आम्ही खाण्याची पिशवी बदलली, कारण दोष तिच्यातच असणार असं वाटायचं. चौथ्या वेळी पिशवी बाजूला ठेवली आणि घरातून त्याच्या पोटात रोज काय काय जातं याचा हिशेब मांडला. त्याला अकरा महिने झाले. मागच्या रविवारी काटा ४.९४ वर होता.

ज्यांच्या मांजराचं वजन असंच खाली-वर होत राहतं त्यांच्यासाठी हे सगळं सविस्तर लिहिते आहे.

आधी हे वाचा, मग खाणं कमी करा

मांजराला उपाशी ठेवून बारीक करता येत नाही. माणूस दोन दिवस लंघन करतो, कुत्राही एखादा दिवस न खाता निभावून नेतो. लठ्ठ मांजर मात्र दोन-तीन दिवस काही खाल्लं नाही की अंगातली चरबी एकदम यकृतात उतरू लागते आणि यकृत ती पेलू शकत नाही. याला हेपॅटिक लिपिडोसिस म्हणतात. मांजर मलूल होतं, उलट्या करतं, हिरड्या आणि कानाच्या आतली कातडी पिवळी दिसू लागते. वेळेत उपचार झाले नाहीत तर ते दगावतं. म्हणून नवं खाणं आणलं आणि मांजराने तोंड फिरवलं, तर ‘भूक लागली की खाईल झक मारत’ असं कधीही म्हणू नका. चोवीस तास काहीच खाल्लं नाही तर जुनं खाणं पुढे ठेवा आणि डॉक्टरांना फोन करा.

दुसरी गोष्ट, बोका शी-लघवीच्या वाळूच्या ट्रेमध्ये पुन्हा पुन्हा जाऊन बसतो, कुंथतो, ओरडतो, लघवीची जागा चाटत राहतो आणि वाळू मात्र कोरडीच. घरातले म्हणतात बद्धकोष्ठ झालं असेल. बोक्याची मूत्रनलिका अरुंद असते, ती पूर्ण अडकली की एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो, कारण रक्तात पोटॅशियम वाढून हृदय बंद पडतं. लठ्ठ, घरातच राहणाऱ्या आणि फक्त कोरडे दाणे खाणाऱ्या बोक्यांना हा धोका जास्त. असं दिसलं तर सकाळची वाट पाहू नका, रात्री उघडा असलेला दवाखाना गाठा.

तिसरं, आहार न बदलता मांजर आपोआप बारीक होत असेल तर तो आनंद नव्हे. भरपूर खाऊनही वजन उतरत असेल, पाणी जास्त पीत असेल, ट्रेमधल्या वाळूत लघवीने बनणारे गोळे मोठे येत असतील, तर मधुमेह, मूत्रपिंड किंवा (दहाच्या वरच्या मांजरांत विशेषतः) थायरॉइड तपासायला हवं. आम्ही चौथ्या वेळी सुरुवातच रक्त आणि लघवीच्या तपासणीने केली. सगळं ठीक निघालं, मग पुढे गेलो.

किती जास्त आहे ते हाताने कळतं

डॉक्टर मांजराची अंगकाठी १ ते ९ अशी मोजतात. ५ म्हणजे उत्तम, त्यापुढच्या प्रत्येक आकड्याला साधारण दहा टक्के वजन जास्त धरायचं. घरी बघायचं तर स्वतःचा हात घ्या. मूठ वळून बोटांच्या मुळाशी असलेल्या हाडांवरून बोट फिरवा, फासळ्या तशा लागल्या तर मांजर हडकुळं आहे. हात सरळ पसरून त्याच्या पाठीवरून बोट फिरवा, तसं लागलं तर वजन योग्य. आणि तळहाताच्या मांसल भागातून हाड शोधावं लागतं तशा फासळ्या शोधाव्या लागत असतील, तर वजन जास्त आहे. वरून पाहिल्यावर फासळ्यांच्या मागे थोडी कंबर दिसली पाहिजे.

पोटाखाली मागच्या पायांपाशी लोंबणारी कातडीची घडी बघून मात्र ठरवू नका. ती बारीक मांजरांनाही असते, चालताना हलते आणि वजन उतरल्यावरही राहते.

बंड्या ८ वर होता, म्हणजे तीस टक्के जास्त. ६.३ भागिले १.३, म्हणजे ४.८ किलोच्या आसपास. हे त्याचं योग्य वजन.

पहिली गळती काट्यातच होती

आम्ही वजन कसं करायचो? मी बंड्याला उचलून बाथरूमच्या काट्यावर उभी राहायचे, मग एकटी, आणि वजाबाकी. त्या काट्याचा आकडा शंभर-शंभर ग्रॅमने सरकतो. दोन वेळा मोजलं की चूकही दोनदा होते. त्यामुळे ‘या महिन्यात दोनशे ग्रॅम उतरलं’ हे बऱ्याचदा नुसतं काट्याचं लहरीपण असायचं, आणि त्या आनंदात आम्ही हात सैल सोडायचो.

मांजराने आठवड्याला आपल्या वजनाच्या अर्धा ते एक टक्का उतरणं योग्य. सहा किलोच्या बोक्याला म्हणजे ३० ते ६० ग्रॅम. शंभर ग्रॅमच्या काट्यावर हे दिसणारच नाही. स्वयंपाकघरात पीठ मोजायला मिळतो तो दहा किलोपर्यंतचा, एका ग्रॅमचा फरक दाखवणारा इलेक्ट्रॉनिक काटा घ्या. त्यावर पुठ्ठ्याचा खोका ठेवा, आकडा शून्य करा आणि मांजराला खोक्यात बसू द्या. खोका दिसला की बसायला बोलवावं लागत नाही. रविवारी सकाळी, खाण्याआधी, तोच खोका. आकडा कॅलेंडरवर लिहा. एका आठवड्याच्या आकड्यावर काहीच ठरवू नका, कारण लघवी आणि शी यांनीच पन्नास-साठ ग्रॅम इकडेतिकडे होतात. चार आठवडे एकत्र बघा.

दुसरी गळती वाटीत

खाण्याच्या पिशवीसोबत आलेल्या मापाने आम्ही दाणे द्यायचो. एके दिवशी मी, नवरा आणि मुलगी, तिघांनी ‘एक माप’ भरलं आणि काट्यावर ठेवलं. ३८, ४४ आणि ५१ ग्रॅम! मुलीने प्रेमाने शीग लावली होती. कोरड्या दाण्यांत शंभर ग्रॅमला साधारण ३५० ते ४०० कॅलरी असतात. रोज चार ग्रॅम, म्हणजे जेमतेम चिमूटभर दाणे, जास्त गेले तरी पंधरा कॅलरी होतात आणि वर्षाकाठी अंगावर अर्ध्या किलोच्या पुढे चरबी चढते. त्यामुळे आता मापं, वाट्या, मुठी बंद. फक्त ग्रॅम.

किती ग्रॅम द्यायचे ते साध्या कॅल्क्युलेटरवर निघतं. मांजराचं हवं असलेलं वजन (आजचं नव्हे) किलोत घ्या, त्याला त्यानेच दोनदा गुणा. आलेल्या आकड्याचं वर्गमूळ काढा, त्याचं पुन्हा वर्गमूळ काढा आणि ७० ने गुणा. बंड्यासाठी ४.८ × ४.८ × ४.८ म्हणजे ११०.६. दोनदा वर्गमूळ काढलं की ३.२४ आणि ७० ने गुणलं की २२७. इतक्या कॅलरी नुसत्या बसल्या जागी लागतात. वजन उतरवायचं तर त्याच्या ८० टक्के, म्हणजे १८२. चार किलोचं मांजर अपेक्षित असेल तर हा आकडा साधारण १५८ येतो, साडेचारला १७३, पाचला १८७. ही सुरुवातीची रेघ आहे. मांजरागणिक फरक पडतो, पुढे काटा सांगेल तसं डॉक्टरांच्या सल्ल्याने वर-खाली करायचं.

आता पिशवीवर कॅलरी शोधा. कधी किलोमागे, कधी शंभर ग्रॅममागे लिहिलेल्या असतात, आणि बऱ्याच पिशव्यांवर नसतातच. नसतील तर छापलेल्या टक्क्यांवरून अंदाज काढता येतो. प्रथिनं, फॅट, ओलावा, राख (म्हणजे क्षार) आणि तंतू यांची बेरीज शंभरातून वजा करा, उरलं ते पिष्ट. मग प्रथिनांना ३.५ ने, फॅटला ८.५ ने आणि पिष्टाला ३.५ ने गुणून बेरीज करा. समजा प्रथिनं ३२, फॅट १२, ओलावा १०, राख ८, तंतू ४. पिष्ट उरलं ३४. ११२ अधिक १०२ अधिक ११९, म्हणजे शंभर ग्रॅमला ३३३.

आमची पहिली घसरण, म्हणजे उतरलेलं वजन परत चढणं, इथेच झाली होती. ५.७ ला आल्यावर नेहमीचं खाणं दुकानात मिळेना, म्हणून दुसरं आणलं आणि तितकंच दिलं. जुन्यात शंभर ग्रॅमला ३४० कॅलरी होत्या, नव्यात ४०५. कोणी जास्त खाऊ घातलं नव्हतं, तरी वजन चढत गेलं. पिशवी बदलली की ग्रॅमही बदलतात, हे आता फ्रिजवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवलं आहे.

दूधपोळी

आता जे लिहिणार आहे ते बहुतेक मराठी घरांत आहे, आणि तेच सगळ्यात अवघड आहे.

माझ्या सासूबाईंना आम्ही माई म्हणतो. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर त्या आमच्याकडेच असतात. त्यांच्या माहेरी, निफाडकडे, वाड्यात कायम मांजरं. रात्रीची पोळी दुधात कुस्करून मागच्या दारी ठेवायची, ती मांजरं धान्यातले उंदीर आवरायची. माईंच्या मनात मांजर म्हणजे दूधपोळी. दुपारी मी ऑफिसमध्ये, मुलगी शाळेत, आणि बंड्या माईंच्या पायाशी. मग अर्धी वाटी म्हशीचं दूध, त्यात चतकोर पोळी, चहाच्या वेळी बिस्किटाचा तुकडा.

मी रागावून हिशेब मांडला. अर्धी वाटी म्हशीच्या दुधाच्या साठ-सत्तर कॅलरी, चतकोर पोळीच्या पंचवीस-तीस, अख्खं ग्लुकोज बिस्किट गेलं तर आणखी पंचवीस. एकूण एकशे दहाच्या पुढे. बंड्याचा दिवसभराचा वाटा १८२! म्हणजे मी सकाळ-संध्याकाळ ग्रॅम मोजत होते आणि दुपारी निम्म्याहून जास्त जेवण वेगळंच जात होतं.

माईंना मी सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, “अगं, तो माझ्याकडे बघत बसतो. मुक्या जिवाला नाही कसं म्हणायचं?”

दोन वर्षं मी त्यांना नुसतं “देऊ नका” म्हणत राहिले आणि तीच माझी चूक होती. बंड्याला काही देणं हा त्यांच्या दुपारचा सगळ्यात गोड भाग होता, तो मी काढून घेत होते आणि बदल्यात काही देत नव्हते. चौथ्या वेळी उलटं केलं. सकाळी दिवसभराचे दाणे ग्रॅमवर मोजून एका झाकणाच्या डब्यात भरायचे आणि डबा माईंच्या हातात द्यायचा. “माई, आजपासून बंड्याचं खाणं तुमच्याकडे. डबा संपला की दिवस संपला.” बाकी कोणी काहीही द्यायचं नाही, मीसुद्धा नाही. तो बघत बसला की त्या चार दाणे देतात, पण ते डब्यातलेच. पहिल्या आठवड्यात डबा दुपारी तीनलाच रिकामा झाला. दुसऱ्या आठवड्यापासून माई स्वतःच वाटण्या करू लागल्या, सहा लहान वाट्या, प्रत्येकीत थोडं थोडं.

आणि हे मांजराच्या स्वभावाला धरूनच आहे. रानातलं मांजर दिवसभरात आठ-दहा छोट्या शिकारी करून खातं, एका उंदरात तीसच्या आसपास कॅलरी. दोन मोठी जेवणं ही माणसांची सोय आहे.

दूध सोडवण्याबद्दल आणखी थोडं. मोठ्या झालेल्या बहुतेक मांजरांना दुधातली साखर नीट पचत नाही, त्यामुळे पातळ शी, गुडगुड, ट्रेबाहेर घाण. आणि बिस्किट त्यांना आवडतं ते गोड लागतं म्हणून नव्हे. मांजराला गोड चव कळतच नाही, त्यासाठी लागणारं जनुकच त्यांच्यात निकामी आहे. त्यांना आवडतो तो त्यातला तूप-लोण्याचा वास. हे माईंना सांगितलं तेव्हा त्यांना खरंच आश्चर्य वाटलं, आणि बिस्किट त्या दिवसापासून बंद झालं.

ज्या घरात मांसमच्छी शिजत नाही, तिथे मांजर दूधभातावरच वाढतं आणि गोलमटोल दिसतं म्हणून सगळे निश्चिंत असतात. ते लठ्ठही असतं आणि कुपोषितही. मांजराला टॉरिन नावाचं अमिनो आम्ल लागतं, ते मांस आणि मासळीतून मिळतं. ते कमी पडलं तर डोळ्याचा पडदा खराब होतो आणि हृदयाचे स्नायू ढिले पडतात. कॅलिफोर्नियातल्या डेव्हिसच्या विद्यापीठातल्या संशोधकांनी १९८७ मध्ये हा हृदयाचा संबंध दाखवला, तेव्हापासून कंपन्या मांजराच्या खाण्यात टॉरिन वाढवून घालतात. कुत्र्याच्या खाण्यात ते पुरेसं असेलच असं नाही, म्हणून कुत्र्याची पिशवी मांजराला नको. घरी चिकन उकडत असाल तर टॉरिन पाण्यात उतरतं, ते पाणीही द्या. कांदा, लसूण आणि मीठ मात्र अजिबात नाही. कांदा-लसणाने मांजराच्या रक्तातल्या लाल पेशी फुटतात. नुसतं चिकन-भात कायमचं जेवण होऊ शकत नाही, त्यात कॅल्शियमपासून बरंच काही कमी पडतं. सुकट-बोंबलात मीठ फार असतं, तेही नको.

बाकीच्या दोन घसरणी

दुसऱ्यांदा वजन चढलं ते पावसाळ्यात. बंड्याला खाज सुटली, पाठीचे केस गेले, आणि खाज थांबावी म्हणून स्टेरॉइडची इंजेक्शनं झाली, दीड-दोन महिन्यांच्या अंतराने तीन. खाज थांबली. पण स्टेरॉइडने भूक प्रचंड वाढते, हे आमच्या ध्यानात आलं नाही. तो सैरभैर होऊन खाणं मागायचा आणि आजारातून उठलाय म्हणून आम्ही द्यायचो. लठ्ठ मांजराला वारंवार स्टेरॉइड मिळालं तर मधुमेहाचाही धोका वाढतो. मुळात कारण पिसवा होत्या. बारीक कंगव्यातून निघालेली काळी कणी ओल्या कापसावर ठेवली आणि ती लालसर विरघळली, तेव्हा कळलं, ती पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेलं रक्त. दर महिन्याला मानेवर टाकायचं मांजराचं औषध सुरू केलं आणि खाज परत आली नाही. (कुत्र्याचं औषध मांजरावर कधीही टाकू नका. त्यात पर्मेथ्रिन नावाचं कीटकनाशक असेल तर मांजराला झटके येतात, जीवही जातो.) तुमच्या मांजराला कोणत्याही कारणाने स्टेरॉइड चालू असेल तर डॉक्टरांना वजनाबद्दल आवर्जून विचारा, औषध मनाने बंद करू नका.

तिसरी घसरण म्हणजे मंजू. पार्किंगमध्ये सापडलेलं अडीच महिन्यांचं पिल्लू. पिलांच्या खाण्यात फॅट आणि कॅलरी जास्त असतात आणि ते दिवसभर उघडं ठेवावं लागतं. बंड्याला घरबसल्या मेजवानी! महिनाभर आम्हाला वाटत होतं की मंजू किती छान खाते.

उपाय सोपा निघाला. मोठा प्लास्टिकचा डबा उलटा ठेवला, त्याला मंजू जाईल एवढंच भोक पाडलं, कडा टेपने गुळगुळीत केल्या आणि तिचं खाणं आत. बंड्याचं डोकं जायचं, खांदे अडकायचे. मंजू मोठी झाल्यावर, आणि बंड्या बारीक झाल्यावर, ते जमेना. आता दोघं वेगवेगळ्या खोल्यांत, दार बंद करून, वीस मिनिटं जेवतात. वीस मिनिटांनी वाट्या उचलायच्या. दोन मांजरं असतील तर हे टाळता येत नाही. कोण किती खातंय हे कळल्याशिवाय सगळा हिशेब वाया.

पहाटे साडेचारची हाक

खाणं मोजून द्यायला लागलं की पहाटेचं ओरडणं सुरू होतं. आम्ही तीन वेळा इथे हरलो होतो. झोप मोडते, सकाळी डबा करायचा असतो, कोणीतरी उठून मूठभर दाणे टाकतं. त्यातून मांजर एवढंच शिकतं की अर्धा तास ओरडलं की मिळतं.

जे उपयोगी पडलं ते असं. रात्रीची शेवटची वाटी दहाला, झोपायच्या आधी, आणि त्याआधी दहा मिनिटं दोरीला बांधलेलं पीस पळवून भरपूर खेळ. मग खाणं, मग चाटणं, मग झोप, हा त्यांचा क्रमच असतो. सकाळी उठल्याबरोबर खाणं देणं बंद केलं. आधी चहा, मग आंघोळ, मग डबा. ‘माणूस उठलं की खाणं’ हे गणित तुटलं की उठवण्यात काही राहत नाही. ओरडणं थांबण्याआधी ते वाढतं, आमच्याकडे चौथ्या ते सातव्या रात्री अक्षरशः दार खरवडत होता. त्याच वेळी कोणी दिलं तर आणखी जोरात ओरडायचं असतं हे तो शिकणार. बाराव्या दिवशी शांत झाला. ज्यांच्याकडे भिंती पातळ आणि शेजारी तक्रार करणारे आहेत त्यांनी वेळेवर आपोआप उघडणारा डबा घ्यावा, पहाटे पाचला त्यात मोजलेल्यातलेच पाच-सहा ग्रॅम.

भूक खरीच असते, ती खोटी ठरवू नका. त्यासाठी आम्ही ६० कॅलरीचं एक ओलं पाऊच आणि ३३ ग्रॅम दाणे असं विभागलं. ओल्या खाण्यात पाऊणभर पाणीच असतं, त्यामुळे तेवढ्याच कॅलरीत वाटी भरलेली दिसते, पोट भरतं आणि लघवीही पातळ राहते. मांजराचे पूर्वज कोरड्या मुलखातले, त्यांना तहान मुळात कमी लागते. मेमध्ये मी पाऊचात दोन चमचे कोमट पाणीही घालते. पाण्याची भांडी तीन ठिकाणी, रुंद तोंडाची आणि खाण्यापासून व ट्रेपासून लांब. बंड्याला काचेचं आवडतं, मंजूला मातीचं.

अंग दुखत असेल तर

बंड्या सोफ्यावर उडी मारेनासा झाला तेव्हा आम्ही म्हणालो, जाड झालाय, आळशी झालाय. डॉक्टरांनी मागचे पाय हलवून बघितले तेव्हा तो फुत्कारला. सांधे. म्हाताऱ्या मांजरांच्या एक्स-रेत सांध्यांची झीज बहुतेकांत दिसते, पण मांजर लंगडत नाही, कण्हत नाही, फक्त गोष्टी करायचं सोडून देतं. उडीच्या आधी थांबून अंदाज घेणं, एका दमात चढायच्या जागी दोन टप्पे घेणं, नखं वाढून गादीत अडकणं, कंबरेमागच्या केसांत कोंडा आणि गुठळ्या होणं, ही सगळी त्याची लक्षणं. शिवाय लठ्ठ मांजराची मान चाटायला कंबरेपर्यंत वळतच नाही.

सोफ्यापाशी पाट ठेवा, खिडकीपाशी स्टूल. ट्रेची पुढची कड कापून बुटकी करा आणि ट्रे मांजराच्या लांबीच्या दीडपट असू द्या. दोन मांजरांना तीन ट्रे. पाठ रोज कंगव्याने विंचरा. गुठळ्या कात्रीने कापू नका, मांजराची कातडी कागदासारखी पातळ असते आणि गुठळीबरोबर उचलली जाते. दुखण्यासाठी घरातली गोळी कधीही देऊ नका. पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते. मांजरांसाठीची वेदनाशामकं वेगळी असतात, ती डॉक्टरच देतील. आम्ही दिली, आणि दुखणं कमी झाल्यावर बंड्या पुन्हा खेळायला लागला. त्याआधी आम्ही पीस नाचवायचो आणि तो नुसता बघायचा.

काटा हलेनासा झाला तर

पाचव्या महिन्यात आकडा ५.६ वर सहा आठवडे अडकला. आधी घर तपासा. आमच्याकडे नवरा रात्री दह्याची वाटी चाटायला द्यायचा, “त्यात काय असतं?” म्हणत. ते बंद केलं, तरी दोन आठवडे हललं नाही. मग डॉक्टरांना विचारून दिवसाच्या १० कॅलरी कमी केल्या, तीन ग्रॅम दाणे. त्याहून मोठी कात्री लावू नका. आणि नेहमीच्या खाण्याचे ग्रॅम फार कमी करावे लागत असतील, तर प्रथिनं-जीवनसत्त्वंही कमी पडतात. अशा वेळी वजन उतरवण्यासाठीच बनवलेलं, प्रथिनं जास्त आणि कॅलरी कमी असलेलं खाणं डॉक्टरांकडून घ्यावं. उलट, आठवड्याला दोन टक्क्यांहून जास्त उतरत असेल तर लगेच वाढवा.

आता बंड्याला ४.८ ला यायला जेमतेम दीडशे ग्रॅम उरलेत. तिथे पोचल्यावर डबा जुन्या मापावर न्यायचा नाही, हे आमच्याकडे आत्ताच ठरलं आहे. बारीक झालेल्या मांजराला आधीपेक्षा कमी लागतं आणि नसबंदी झालेल्याला त्याहून कमी. ४.८ आलं की दर पंधरा दिवसांनी दिवसाला दोन ग्रॅम वाढवायचे आणि काटा थांबला त्या ठिकाणी थांबायचं. रविवारचा खोका कायम. शंभर ग्रॅम वर गेलं की त्याच आठवड्यात सहा वाट्या मोजून बघायच्या, पिशवीवरचा आकडा वाचायचा आणि घरात कोणाकडे पाहुणे येऊन गेले का ते विचारायचं. कॅलेंडरवर आकडा लिहायचं काम माईंनी स्वतःहून मागून घेतलं आहे.